जागतिक प्रदर्शनांतील जपानी सजावटी मृत्पात्रे (१८६२–१९००): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप आणि अमेरिकेत भरलेल्या जागतिक प्रदर्शनांमधून जपानची सजावटी मृत्पात्रे जगापुढे आली आणि अवघ्या चाळीस वर्षांत त्या कलेचे तंत्र, रूप, बाजार आणि प्रतिष्ठा असे सारेच बदलून गेले. संग्रहालयांना भेट देणारे रसिक, घरात एखादी जुनी फुलदाणी जपून ठेवलेली कुटुंबे आणि कलेतिहासाचे विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. चीन आणि कोरिया यांचा उल्लेख आवश्यक तेथे आला आहे. मुख्य भर जपानवर आहे, कारण प्रदर्शन डोळ्यांपुढे ठेवून भांडी घडवण्याचे काम जपानने जितक्या विचारपूर्वक केले तितके पूर्व आशियातील अन्य कोणत्याही देशाने केले नाही.

जागतिक प्रदर्शन म्हणजे नेमके काय होते आणि त्यात मातीच्या भांड्यांना एवढे महत्त्व का मिळाले?

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काच आणि लोखंड यांच्या प्रचंड इमारतीत पहिले मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि सहा महिन्यांत सुमारे ६० लाख लोकांनी ते पाहिले. पुढे ही संख्या वाढतच गेली: १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनाला सुमारे ७२ लाख, १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाला जवळपास एक कोटी, १८९३च्या शिकागो प्रदर्शनाला पावणेतीन कोटींच्या आसपास आणि १९००च्या पॅरिस प्रदर्शनाला सुमारे पाच कोटी लोक आले. प्रत्येक देश आपला कच्चा माल, यंत्रे, कापड आणि हस्तकला मांडत असे, परीक्षक मंडळ पदके देत असे आणि मिळालेले पदक कारखानदार आपल्या पावत्यांवर आणि जाहिरातींवर अभिमानाने छापत असे.

भांड्यांचे महत्त्व यातूनच आले. उत्तम चिनी मातीचे भांडे ही एकाच वेळी कला, रसायन आणि उद्योग यांची परीक्षा असते. युरोपात खरे पोर्सेलीन, म्हणजे अस्सल चिनी मातीची भांडी, बनवणारा पहिला कारखाना १७१० साली जर्मनीतील माइसेन येथे सुरू झाला. त्यापूर्वी कित्येक शतके चीन आणि नंतर जपान हे भांडे बनवत आले होते. त्यामुळे फ्रान्सचे सेव्र, जर्मनीचे माइसेन, इंग्लंडचे मिंटन आणि वुस्टर यांच्या दालनांशेजारी जपानमधील आरिताची फुलदाणी उभी राहिली की प्रेक्षक आणि परीक्षक दोघेही आपसूक तुलना करू लागत.

जपानी भांडी अशा प्रदर्शनात पहिल्यांदा केव्हा दिसली?

मोठ्या प्रमाणावर ती १८६२च्या लंडन प्रदर्शनात दिसली, परंतु ती जपानने पाठवलेली नव्हती. जपानमधील ब्रिटिश राजदूत रदरफर्ड अल्कॉक यांनी स्वतः जमवलेल्या वस्तू तेथे मांडल्या होत्या. त्यांत लाखकाम होते, मृत्पात्रे होती, कागद होता आणि रोजच्या वापरातील साध्या वस्तूही होत्या. त्याच सुमारास शोगुनचे, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी शासकाचे, शिष्टमंडळ युरोपच्या दौऱ्यावर होते आणि ते उद्घाटनाला हजर राहिले. जुन्या बाजारातल्यासारखा हा पसारा पाहून शिष्टमंडळातील एका सदस्याने दैनंदिनीत खेद नोंदवला, आणि तो खेद मला फार बोलका वाटतो. आपला देश जगापुढे मांडायचा असेल तर मांडणी आपल्याच हातात हवी, ही जाणीव येथून सुरू झाली असे म्हणता येईल.

१८६७च्या पॅरिस प्रदर्शनात जपानने अधिकृतपणे भाग घेतला, मात्र तोही एकसंध नव्हता. शोगुनचे सरकार, दक्षिणेकडील सात्सुमा संस्थान आणि आरिताच्या भट्ट्या ज्याच्या ताब्यात होत्या ते सागा संस्थान असे तिघे वेगवेगळे आले. सात्सुमाने तर र्‍युक्यू बेटांच्या राज्याचे नाव लावून स्वतःचे दालन मांडले आणि स्वतःचे मानपदकही वाटले. शोगुनच्या बाजूने त्याचा धाकटा भाऊ तोकुगावा आकिताके आला होता. दुसऱ्याच वर्षी शोगुनशाही कोसळली आणि मेजी सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले. पॅरिसमधील त्या दालनात भांडी मांडली गेली होती हे खरे, पण त्यांच्याआडून दोन सत्ता परस्परांशी मान्यतेसाठी झगडत होत्या.

सात्सुमा, आरिता, इमारी आणि कुतानी यांत फरक काय?

आरिता हे क्युशू बेटावरील गाव. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे पोर्सेलीनला लागणारा पांढरा दगड सापडला आणि जपानी पोर्सेलीनचा जन्म झाला. त्याचे श्रेय परंपरेने यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराला दिले जाते. हा माल जवळच्या इमारी बंदरातून बाहेर जात असल्याने परदेशात तो इमारी नावाने ओळखला गेला. डच व्यापाऱ्यांनी १६५०च्या दशकापासून तो युरोपात नेला. गर्द निळा, तांबडा आणि सोनेरी ही त्याची ओळख.

सात्सुमा हे पोर्सेलीन नव्हे. ते फिकट, सायीच्या रंगाच्या बारीक मातीचे भांडे असते, त्यावर पारदर्शक झिलई, म्हणजे काचेसारखा थर, असते आणि त्या झिलईत केसासारख्या तडांचे जाळे मुद्दाम उमटू दिलेले असते. त्यावर मीना रंग आणि सोने यांनी चित्रे काढली जातात. १५९८ साली कोरियावरील स्वारीतून परतताना सात्सुमाच्या शिमाझू घराण्याने कोरियन कुंभारांना पकडून आणले आणि नाएशिरोगावासारख्या वस्त्यांत वसवले. या भांड्यांची परंपरा त्यांच्यापासून सुरू होते. तिच्या मुळाशी सक्तीचे स्थलांतर आहे, ही गोष्ट सोनेरी फुलदाण्या पाहताना विसरली जाऊ नये. बाराव्या पिढीतील चिन जुकान यांनी व्हिएन्नाला जवळपास माणसाच्या उंचीच्या सात्सुमा फुलदाण्या पाठवल्या, ते याच वस्तीतील होते.

कुतानी हे मुख्य बेटावरील कागा प्रांतातले काम. एकोणिसाव्या शतकात कुतानी शोझा यांनी तांबडा आणि सोनेरी यांच्या जोडीला आयात केलेले पाश्चात्त्य रंग वापरून जी भरगच्च शैली घडवली, तीच निर्यातीच्या मालाची शैली झाली.

१८७३चे व्हिएन्ना प्रदर्शन एवढे निर्णायक का मानले जाते?

नव्या मेजी सरकारने एक देश म्हणून भाग घेतलेले हे पहिले जागतिक प्रदर्शन होते, आणि सरकारने त्याची तयारी राष्ट्रीय कार्य म्हणून केली. कामाची सूत्रे सानो त्सुनेतामी यांच्याकडे होती. हेच गृहस्थ १८६७ साली सागा संस्थानाच्या वतीने पॅरिसला गेले होते, त्यामुळे काय चुकते आणि काय विकले जाते याचा त्यांना अनुभव होता. सल्लागार होते जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वागेनर. त्यांनी १८७० साली आरितामध्ये राहून कुंभारांना निळ्या रंगासाठी आयात कोबाल्ट वापरण्याची पद्धत शिकवली होती आणि कोळशावर चालणाऱ्या भट्टीचे प्रयोगही केले होते. युरोपीय कारखान्यांशी यंत्रांच्या बाबतीत स्पर्धा करणे जपानला शक्य नव्हते. हस्तकलेवर भर द्यावा असा वागेनर यांचा सल्ला होता आणि तो मानला गेला.

व्हिएन्नातील प्राटरच्या विस्तीर्ण मैदानावर जपानने बाग उभारली, देऊळ उभारले आणि नागोया किल्ल्याच्या छपरावरचा सोन्याचा मासा आणून ठेवला. आरिताच्या आणि सात्सुमाच्या प्रचंड फुलदाण्या दालनात उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या फुलदाणीचे काम किती कठीण असते याची कल्पना आजच्या प्रेक्षकाला सहसा येत नाही. ती चाकावर एका दमात उचलता येत नाही. तिचे भाग वेगवेगळे घडवून पातळ मातीच्या खळीने जोडावे लागतात, जोड दिसू नये म्हणून घासावे लागतात आणि मग दिवसेंदिवस सावकाश वाळवावे लागतात. वाळताना आणि भाजताना माती आकसते. ती सगळीकडे सारखी आकसली नाही तर जोडाशी चीर पडते किंवा मान एका बाजूला कलते. भट्टीतून निर्दोष बाहेर आलेल्या एका जोडीमागे कित्येक फुटलेली, वाकलेली भांडी असत. व्हिएन्नाच्या प्रेक्षकाला फक्त जिंकलेली जोडी दिसत होती.

प्रदर्शन संपल्यावर दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे काही जपानी तंत्रज्ञ युरोपात मागे राहिले आणि तेथील कारखान्यांत शिकले. त्यांच्यापैकी नोतोमी काइजिरो आणि सहकाऱ्यांनी प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून भांडी घडवण्याचे तंत्र मायदेशी आणले. दुसरी गोष्ट दुःखद आहे. परतीचा माल आणि युरोपात मिळवलेल्या वस्तू घेऊन निघालेले नील हे फ्रेंच जहाज मार्च १८७४ मध्ये इझू द्वीपकल्पाजवळ बुडाले आणि त्याबरोबर अनेक कलावस्तू समुद्रात गेल्या. या हानीची भरपाई म्हणून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने नव्या वस्तू भेट दिल्या, आणि त्या घेऊन १८७६च्या अखेरीस इंग्लंडचे नामवंत रचनाकार क्रिस्टोफर ड्रेसर जपानला गेले. जपानमध्ये हिंडून त्यांनी अनेक भट्ट्या पाहिल्या.

या कुंभारांना पैसा कोण पुरवत होते?

जुन्या व्यवस्थेत संस्थानिक पुरवत होते. सागा, सात्सुमा, कागा ही संस्थाने आपापल्या भट्ट्या सांभाळत, उत्तम माल भेटीसाठी राखून ठेवत आणि कुशल कारागिरांचे पोट चालवत. १८७१ साली संस्थाने खालसा झाली आणि हा आश्रय एका फटक्यात संपला. जे हात पिढ्यान्पिढ्या एकाच घराण्यासाठी राबत होते त्यांना आता गिऱ्हाईक शोधावे लागले, आणि पैसेवाले गिऱ्हाईक योकोहामा आणि कोबे या बंदरांच्या पलीकडे होते.

ही दरी भरण्यासाठी १८७४ साली किरित्सु कोशो काइशा ही कंपनी सरकारच्या पाठबळाने स्थापन झाली. व्हिएन्नातील जपानी बागेच्या इमारती एका इंग्लिश कंपनीने विकत घेण्याची तयारी दाखवली, त्या व्यवहारासाठी एखादी अधिकृत व्यापारी संस्था हवी होती, आणि त्या निमित्ताने ही कंपनी उभी राहिली. तिने कारागिरांना आगाऊ पैसे दिले, नमुने पुरवले, परदेशांत शाखा उघडल्या आणि १८९१ पर्यंत काम केले. याच कंपनीचा दुभाषा म्हणून १८७८ साली पॅरिसला गेलेले हायाशी तादामासा पुढे तेथील सर्वांत प्रभावी जपानी कलाविक्रेते झाले. आरितामध्ये खासगी पातळीवर फुकागावा एइझाएमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली कोरान्शा ही मंडळी स्थापली. ती आजही चालू आहे.

सरकारने रचनांकडेही लक्ष दिले. १८७५ पासून सुमारे दहा वर्षे सरकारी चित्रकारांनी भांडी, लाखकाम आणि धातुकाम यांच्यासाठी शेकडो रंगीत आराखडे तयार केले आणि ते निवडक कारागिरांना दिले. आज हे आराखडे तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. चित्रकार आणि कुंभार यांच्यात सरकार मध्यस्थ व्हावे ही कल्पना काहींना रुक्ष वाटते, परंतु आश्रयदाता नाहीसा झालेल्या काळात या आराखड्यांनी कित्येक कारखान्यांना उभे राहण्यासाठी आधार दिला हे मान्य करावे लागते.

मियागावा कोझान यांचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते?

या संपूर्ण काळातील एकच कुंभार निवडायचा झाला तर मी कोझान यांना निवडेन. १८४२ साली क्योतोतील कुंभार घराण्यात त्यांचा जन्म झाला. बंदर खुले झाल्यावर व्यापार योकोहामाकडे वळला, तेव्हा १८७०च्या सुमारास तेही तेथे गेले आणि ओता भागात त्यांनी माकुझू भट्टी सुरू केली. योकोहामाला चांगली माती नव्हती, कारागिरांची परंपरा नव्हती. होते ते फक्त बंदर आणि परदेशी ग्राहक.

सुरुवातीला त्यांनी सात्सुमा पद्धतीची भांडी केली. नंतर भांड्याच्या अंगावर पक्षी, बेडूक, अस्वले, फुलांच्या फांद्या अशा आकृती पूर्ण गोलाईत उभारण्याची स्वतःची शैली विकसित केली. अशा कामाने फिलाडेल्फियात १८७६ साली त्यांना पदक मिळवून दिले. या शैलीचा परमोत्कर्ष म्हणजे १८८१ साली केलेला, आता तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात असलेला खेकड्यांचा वाडगा. तपकिरी झिलईचा, उंच पायाचा, कडा जाणूनबुजून वेड्यावाकड्या ठेवलेला हा वाडगा. झिलई जिथे ओघळली तिथेच ती थांबू दिली आहे. त्याच्या कडेला दोन खेकडे बिलगलेले आहेत. त्यांच्या कवचावरचे उंचवटे, पायांचे सांधे, नांग्यांची पकड हे सारे इतके बारकाईने केले आहे की खाली ओबडधोबड वाटणारे भांडे आणि वर जिवंत वाटणारा प्राणी यांतला ताण पाहणाऱ्याला तिथून हलू देत नाही. खेकड्याचा पाय म्हणजे मातीची काडी. ती भांड्याच्या जाड भिंतीपेक्षा लवकर वाळते, लवकर आकसते आणि जोडापाशी तुटू पाहते. ती शाबूत ठेवून भाजणे यातच सारे कसब आहे. जपान सरकारने या वाडग्याला महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून मान्यता दिली आहे.

इतके यश हाती असताना कोझान यांनी दिशा बदलली, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण येथे आहे. उठावाच्या भांड्यांना फार वेळ लागे, ती प्रवासात फुटत आणि पाश्चात्त्यांची आवडही बदलू लागली होती. १८८०च्या दशकात ते पोर्सेलीनकडे आणि झिलईखालच्या रंगांकडे वळले. मीना रंग झिलईवर बसतात आणि कमी उष्णतेत पक्के होतात, त्यामुळे हवे ते रंग वापरता येतात. झिलईखालचा रंग मात्र सुमारे १३०० अंश सेल्सियसच्या भट्टीत टिकावा लागतो, आणि तेवढी आच सोसणारे रंग मोजकेच असतात. कोझान यांनी चिनी झिलयांचा आणि युरोपातून आलेल्या रंगद्रव्यांचा अभ्यास करून धुक्यातल्यासारखे फिकट गुलाबी, करडे, निळसर रंग साधले. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि १८९६ साली त्यांची सम्राटाच्या दरबाराचे कलावंत म्हणून नेमणूक झाली. १९१६ साली त्यांचे निधन झाले. त्यांची भट्टी पुढच्या पिढ्यांनी चालवली, पण २९ मे १९४५च्या योकोहामावरील बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली.

सात्सुमा भांडी सगळी सात्सुमात बनत होती का?

नाही. प्रदर्शनांमुळे मागणी एवढी वाढली की क्योतोचा आवाता भाग, ओसाका, योकोहामा, तोक्यो अशा अनेक ठिकाणी सात्सुमा पद्धतीची भांडी तयार होऊ लागली. क्योतोचे किन्कोझान सोबेई यांचा कारखाना त्यांतील सर्वांत मोठ्यांपैकी एक. बऱ्याचदा कोरे भांडे एका गावी भाजले जाई आणि त्यावरचे चित्रकाम दुसऱ्या शहरात होई.

ओसाकाचे याबू मेइझान हे याचे उत्तम उदाहरण. ते स्वतः कुंभार नव्हते, १८८० साली त्यांनी चित्रकामाची कार्यशाळा काढली आणि नाएशिरोगावाच्या कोऱ्या भांड्यांवर काम करवून घेतले. तळहातावर मावेल एवढ्या वाडग्याच्या आतल्या अंगावर शेकडो फुलपाखरे, प्रत्येकाचे पंख वेगळे. किंवा फुलदाणीच्या गळ्याखालून फिरत जाणारी मिरवणूक, जिच्यातल्या माणसांचे चेहरे भिंगाखाली धरल्यावर कुठे ओळखू येतात. ही अचूकता साधण्यासाठी ते तांब्याच्या पत्र्यावर रेखाटन कोरून त्याचा ठसा भांड्यावर उतरवत आणि मग हाताने रंग भरत. हे कळल्यावर काहींना निराशा वाटते. तशी वाटण्याचे कारण नाही: ठशाने फक्त रेषेची जागा ठरते, रंगाचा प्रत्येक ठिपका आणि सोन्याची प्रत्येक रेघ कुंचल्यानेच उमटते.

ही भांडी परदेशी लोकांना खूश करण्यासाठी बनवली होती. मग त्यांना खरी जपानी कला म्हणावे का?

हा प्रश्न त्या काळातही विचारला जात होता आणि त्यावर फिलाडेल्फियातच एक विलक्षण गोष्ट घडली. साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने जपानी मृत्पात्रांचा इतिहास दाखवणारा संग्रह गोळा करून देण्याची विनंती सानो त्सुनेतामी यांना केली होती. दोनशेहून अधिक नगांचा हा संग्रह आधी फिलाडेल्फियात मांडला गेला आणि मग लंडनला गेला. त्यात चहाविधीचे ओबडधोबड वाडगे होते, साधी पाणी साठवण्याची भांडी होती, म्हणजे जपानमधील जाणकार ज्यांना जपत आले होते अशा वस्तू होत्या. एकाच प्रदर्शनात एकीकडे सोन्याने मढवलेल्या फुलदाण्या विकल्या जात होत्या आणि दुसरीकडे करड्या मातीचे मुके वाडगे ठेवलेले होते. बहुतेक प्रेक्षक फुलदाण्यांकडे गेले. परंतु काही अभ्यासकांचे डोळे त्या वाडग्यांनी उघडले. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांनी पुढे जपानमध्ये राहून हजारो साधी भांडी जमवली आणि निर्यातीच्या मालावर कडाडून टीका केली. त्यांचा संग्रह १८९२ साली बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने घेतला.

मोर्स यांच्यामुळे साध्या भांड्यांना न्याय मिळाला, पण निर्यातीच्या कामावर मात्र शंभर वर्षे अन्याय झाला असे मला वाटते. आरिताची भांडी सतराव्या शतकातही डचांसाठी बनतच होती, आणि त्यांना आज कोणी बनावट म्हणत नाही. मेजी काळातील कामातही घाईघाईने भरलेला, सोन्याच्या थराखाली वाईट चित्र लपवणारा माल पुष्कळ होता हे मान्यच आहे. म्हणून प्रत्येक भांडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. कोझान यांचा खेकडा आणि बंदरावरच्या दुकानातील स्मरणवस्तू या दोहोंचे गिऱ्हाईक परदेशीच होते. त्यांच्यातले अंतर हाताचे आणि डोळ्याचे आहे.

चीन आणि कोरिया यांचा सहभाग कसा होता?

चीनची भांडी १८५१ पासूनच दिसत होती, परंतु ती प्रामुख्याने परदेशी व्यापारी आणि संग्राहकांनी मांडलेली असत. १८७३ पासून बरीच वर्षे चीनची दालने रॉबर्ट हार्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखालील चिनी सागरी सीमाशुल्क खात्याने उभारली. कारागीर, चित्रकार आणि सरकार यांना एकत्र आणणारी जपानसारखी योजना तेथे नव्हती. शिवाय चीनचे सर्वांत मोठे केंद्र जिंगदेजेन १८५०च्या दशकात ताइपिंग बंडाच्या धुमाळीत उद्ध्वस्त झाले होते आणि ते नुकते सावरत होते. फिलाडेल्फियात हांगजौचे धनाढ्य व्यापारी हू श्वेयान यांच्या संग्रहातील जुनी पोर्सेलीन भांडी मांडली गेली आणि जाणकारांचे लक्ष तिकडे वळले. चीनची ताकद नव्या मालापेक्षा जुन्या झिलयांत दिसली. बैलाच्या रक्तासारखी लाल चिनी झिलई पुन्हा साधण्यासाठी फ्रान्सच्या एर्नेस्त शाप्ले यांच्यासारख्या कुंभारांनी वर्षे घालवली.

कोरियाने १८९३ साली शिकागोत लहानसे दालन मांडले आणि १९०० साली पॅरिसमध्ये स्वतःचा मंडप उभारला. ज्या देशातून नेलेल्या कुंभारांनी सात्सुमा आणि आरिता घडवले, त्याची या प्रदर्शनांतली जागा मात्र इतकी लहान राहिली.

पाश्चात्त्य कुंभारांवर याचा काय परिणाम झाला?

फार खोल परिणाम झाला. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनातच फ्रेंच चित्रकार फेलिक्स ब्राकमों यांनी जपानी चित्रकार होकुसाई यांच्या चित्रांवरून घेतलेले मासे, कोंबडे आणि फुले असलेला जेवणाच्या भांड्यांचा संच मांडला गेला; त्यात चित्र ताटाच्या मध्यभागी न ठेवता एका बाजूला सारले होते आणि उरलेली जागा मोकळी सोडली होती. इंग्लंडमध्ये वुस्टरच्या कारखान्याने जपानी धर्तीच्या फुलदाण्या काढल्या. अमेरिकेत मरिया लाँगवर्थ निकोल्स यांनी फिलाडेल्फियात जपानी भांडी पाहिली आणि १८८० साली सिनसिनाटीत रूकवुड कारखाना सुरू केला. तेथे १८८७ साली कातारो शिरायामादानी हे जपानी चित्रकार रुजू झाले आणि १८८९ साली रूकवुडने पॅरिसमध्ये सुवर्णपदक मिळवले.

मग १९००च्या सुमारास ही लोकप्रियता ओसरली का?

ओसरली, आणि त्याचे एक कारण जपानच्याच यशात होते. १८९३ साली शिकागोत जपानी कलाकृतींना ललित कलांच्या प्रासादात जागा मिळाली. त्याच वर्षी सेइफू योहेई तिसरे हे सम्राटाच्या दरबाराचे कलावंत म्हणून नेमले गेलेले पहिले कुंभार ठरले. पण १९०० साली पॅरिसला पोचल्यावर जपानी प्रतिनिधींना दिसले की युरोपचे कारखाने जपानकडून घेतलेले धडे पचवून वाहत्या रेषांच्या नव्या शैलीत फार पुढे गेले आहेत, आणि जपानची पुष्कळशी भांडी मात्र वीस वर्षांपूर्वीच्या नमुन्यांतच अडकली आहेत. चित्रकार आसाई चू हे तेव्हा पॅरिसमध्ये होते. परतल्यावर त्यांनी क्योतोमध्ये कुंभारांबरोबर नव्या रचनांचे काम हाती घेतले.

घरात जुनी जपानी फुलदाणी आहे. ती त्या काळातील आहे का, हे कसे ओळखावे?

केवळ खुणेवर भरवसा ठेवू नये. वर्तुळातील क्रूस हे शिमाझू घराण्याचे चिन्ह सात्सुमाशी संबंध नसलेल्या असंख्य भांड्यांवरही घातले गेले. देशाचे नाव रोमन अक्षरांत असेल तर एक आधार मिळतो: अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्यानंतर आयात मालावर देशाचे नाव लिहिणे सक्तीचे झाले आणि त्यासाठी निप्पॉन हा शब्द वापरला गेला, १९२१ पासून त्याऐवजी जपान लिहावे लागले. रॉयल सात्सुमा असे लिहिलेली भांडी बरीच अलीकडची, कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवलेली असतात.

खुणेनंतर चित्र पाहावे आणि ते भिंगाखाली पाहावे. चेहरे सगळे एकाच साच्यातले आहेत का, सोन्याची रेघ थरथरते की ठाम आहे, मागची बाजू पुढच्याइतक्याच काळजीने भरली आहे का, या गोष्टी खूप काही सांगतात. झिलईतील बारीक तडा हा सात्सुमाचा दोष नाही, त्या पद्धतीचा तो गुणच आहे. मात्र अशा तडांत पाणी मुरते आणि डाग कायमचा बसतो, म्हणून अशा फुलदाणीत पाणी भरू नये आणि ती साबणाच्या पाण्यात बुडवू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ काढणे पुरेसे आहे, कारण जोराने पुसल्यास सोने निघून जाते.

अशी भांडी भारतात कुठे पाहायला मिळतात?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी आणि जपानी कलावस्तू आहेत, आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील जपानी दालनात सात्सुमा भांडी आहेत. भारतीय बाजू समजून घ्यायची असेल तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे. हे संग्रहालय १८७२ साली सर्वांसाठी खुले झाले, आणि १८५१ व १८५५च्या जागतिक प्रदर्शनांसाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा करण्याच्या कामातूनच त्याची कल्पना पुढे आली होती. जे. जे. कला विद्यालयात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली १८७०च्या दशकात बनलेली मृत्पात्रे तेथे आहेत. त्यांवरील झिलईचे तंत्र सिंधचे आहे आणि काहींवरची चित्रे अजिंठ्याच्या लेण्यांवरून घेतलेली आहेत. जपानी कुंभार ज्या बाजारासाठी राबत होते त्याच बाजारासाठी ती बनत होती, म्हणून दोन्ही एकाच आठवड्यात पाहता आली तर आधी भायखळा आणि मग सालारजंग असा क्रम ठेवावा.